स्लाइड-आउट अडकली? आधी कान द्या, मग पाना घ्या

या महिन्यात आलेले प्रश्न वाचताना लक्षात आलं की बहुतेकांचं दुखणं एकच, स्लाइड-आउट अडकली, म्हणून म्हटलं टायर, गॅस, टाकीवाले प्रश्न पुढच्या अंकावर ढकलू आणि हा विषय एकदाचा मार्गी लावू. जे महाराष्ट्रातून वाचतात त्यांच्यासाठी थोडक्यात, इथे अमेरिका-कॅनडात मोठ्या मोटरहोमच्या भिंतीचा एक तुकडा, सोफा नाहीतर बेडसकट, बटण दाबलं की दोन-तीन फूट बाहेर सरकतो, आतली जागा ऐसपैस होते आणि निघताना तोच तुकडा परत आत घ्यायचा असतो. बाहेर जाताना सहसा कोणाची तक्रार नसते. तक्रार असते ती निघायच्या दिवशी, सामान भरून झालंय, पोरं सीटबेल्ट लावून बसलीयत, आणि खोली काही आत यायला तयार नाही.

एक विनंती मात्र सगळ्यांनाच. तुम्ही पत्रात काय काय करून बघितलं ते सविस्तर लिहिता, कुठला व्हिडिओ बघितला, मेव्हणा काय म्हणाला, शेजारच्या कॅम्पसाइटवरच्या आजोबांनी कुठे हातोडी मारली, सगळं असतं, पण बटण दाबल्यावर आवाज कसा आला हे फारसं कोणी लिहीत नाही. अहो, निम्मं निदान तिथेच आहे! काहीच आवाज नाही, नुसतं टिक, मोटर घुरघुरते पण दम नाही, मोटर मस्त फिरते पण खोली जागची हलत नाही, एक बाजू सरकते आणि दुसरी नाही, हे पाच वेगवेगळे आजार आहेत आणि पाचांना एकच औषध चालत नाही. तेव्हा पुढच्या वेळी लिहाल तेव्हा आवाजापासून सुरू करा.

प्रश्न: नमस्कार. आम्ही फिनिक्सहून भाड्याची क्लास सी (व्हॅनच्या पुढच्या भागावर बांधलेली मध्यम मोटरहोम) घेऊन लेक पॉवेलला गेलो होतो, लोन रॉक बीचवर दोन रात्री राहिलो, तिथे हुकअप (गाडीला बाहेरून वीज-पाणी जोडायची सोय) नसतो. निघायच्या दिवशी सकाळी स्लाइड आत घ्यायला गेलो तर नुसतं टिक टिक. आतले दिवे छान लागत होते म्हणजे बॅटरी चांगली होती. गाडीवाल्यांच्या हेल्पलाइनवर बराच वेळ होल्डवर ठेवून शेवटी सांगितलं की मोटर गेली असणार. आणि दुपारी जेवणानंतर सहज बटण दाबलं तर गेली की आत! हे काय गौडबंगाल आहे? (फिनिक्स, ॲरिझोना)

उत्तर: मोटर गेलेली नव्हती. गेलेली मोटर जेवणानंतर परत येत नाही. तुमची बॅटरी बसली होती, आणि "दिवे लागत होते म्हणजे बॅटरी चांगली" हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता ते ऐकलं की निदान पक्कंच समजतो. एलईडी दिव्याला अर्धा अँपिअरसुद्धा लागत नाही, आणि स्लाइडची मोटर लोड आल्यावर वीस-तीस अँपिअर सहज ओढते. बसलेली बॅटरी दिवे लावेल, पाण्याचा पंपही कण्हत कण्हत चालवेल, पण सोफा, माणसांचे कपडे, तांदळाचा डबा असं सगळं भरलेली खोली ओढायची वेळ आली की मान टाकेल. ती जी टिक आली ती बहुतेक रिलेची (बटणाच्या इशाऱ्यावर मोटरला वीज जोडणारा स्विच). म्हणजे बटण ठीक, बटणापासून रिलेपर्यंतची वायर ठीक, फक्त मोटरपर्यंत जोर पोचत नाहीये. खरं तर टिक ही चांगली बातमी आहे.

दुपारी काय बदललं असेल? एकतर तुम्ही मध्ये एसीसाठी जनरेटर लावला असेल किंवा छतावर सोलर पॅनेल असेल, तिथल्या उन्हात दोन-तीन तासात बॅटरीत थोडा जीव येतो, तेवढा पुरला.

परत असं झालं तर काय करायचं ते सांगतो. साधा मल्टिमीटर गाडीत ठेवा, कुठल्याही हार्डवेअर स्टोअरमध्ये मिळतो आणि महाग नसतो. आधी हाऊस बॅटरी मोजायची, म्हणजे खोलीला वीज देणारी, इंजिनची नव्हे. कसलाही लोड नसताना लेड-ॲसिड बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवत असेल तर फुल्ल, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली गेली की जवळपास रिकामीच समजा. पण नुसतं एवढं मोजून थांबू नका, खरी परीक्षा पुढे आहे. एकाने मीटरच्या दोन्ही पिना बॅटरीच्या टर्मिनलवर घट्ट धरायच्या आणि दुसऱ्याने आत जाऊन बटण दाबायचं. आत्तापर्यंत शहाण्यासारखा १२.३ दाखवणारा आकडा बटण दाबल्याबरोबर धपकन १०, ९.५ वर आला आणि सोडल्यावर परत हळूहळू वर चढला, तर बॅटरीच दोषी, एकतर रिकामी आहे नाहीतर म्हातारी झालीय. आकडा फारसा हललाच नाही आणि मोटर तरी मरगळलेली, तर बॅटरी सोडा, वाटेतली जोडणी बघा. टर्मिनलवर हिरवट-पांढरी पावडर जमलीय का, चासीला बोल्टने बांधलेली अर्थची वायर गंजलीय का. ही अर्थची वायर बघायचं लोक हमखास विसरतात, आणि ती खाली चिखल-पाण्यात असते त्यामुळे सडते पण सगळ्यात आधी.

बॅटरी बसलीच असेल तर इंजिन वीस-तीस मिनिटं चालू ठेवा, नाहीतर जनरेटर लावा. बऱ्याच मोटरहोममध्ये डॅशबोर्डवर बॅटरी बूस्ट नावाचं बटण असतं, ते दाबून धरलं की इंजिनची आणि खोलीची बॅटरी तेवढ्यापुरती जोडली जाते, तेव्हा एकाने ते धरायचं आणि दुसऱ्याने स्लाइडचं. फक्त इथे एक ग्यानबाची मेख आहे. काही गाड्यांत इंजिन चालू असेल तर स्लाइड हलतच नाही, काहींत चालू असल्याशिवाय हलत नाही, आणि बहुतेकांत पार्किंग ब्रेक ओढलेला लागतो. हे संरक्षण मुद्दाम ठेवलेलं असतं. तेव्हा काहीच आवाज येत नसेल, टिकसुद्धा नाही, तर सगळ्यात आधी पार्किंग ब्रेक, मग किल्ली, मग बॅटरी डिसकनेक्टचा स्विच, मग फ्यूज, याच क्रमाने बघा. दाराशेजारचा डिसकनेक्ट स्विच जाता-येता कोपर लागून बंद झाला असंही होतं, आणि मग माणूस गाडीखाली झोपून वायरी तपासत बसतो!

ज्यांनी लिथियम बॅटरी टाकून घेतलीय त्यांनी वरचे आकडे धरू नका. लिथियम शेवटपर्यंत १३ च्या आसपास ताठ उभी राहते आणि मग तिचं आतलं सर्किट एकदम सगळं बंद करतं, त्यामुळे तिच्या बाबतीत टक्के दाखवणारा मॉनिटर बघायचा, व्होल्ट नाही.

आणि तुमच्यासाठी अजून एक, तिथे तुम्ही वाळूत उभे होतात. रात्रीत एखादं चाक रुतलं आणि गाडी पिळली गेली की भिंतीतल्या त्या चौकटीचा आकार किंचित तिरका होतो, मग खोली घासायला लागते आणि मोटरला आणखी जोर लागतो. आधीच बॅटरी बसलेली, त्यात हे. गाडी लेव्हल आहे का ते स्पिरिट लेव्हल ठेवून बघत जा.

प्रश्न: दादा, आमची गाडी मोठी क्लास ए (बससारखी मोटरहोम) आहे, आम्ही न्यू जर्सीहून मेनमध्ये अकेडिया नॅशनल पार्कला गेलो होतो. बेडरूमची स्लाइड आत घेताना पुढची बाजू आली आणि मागची राहिली, सगळी खोली तिरकी झाली. बाहेर धो धो पाऊस. मी बटण थोडं आत थोडं बाहेर असं खूप वेळा करून बघितलं तर अजूनच बिघडलं. खालच्या कप्प्यात एक डबा आहे त्यावर लाल-हिरवे दिवे चमकत होते. शेवटी टेक्निशियनला बोलवावं लागलं, त्याने दहा मिनिटात आत घेतली आणि पैसे घेऊन गेला, काय केलं ते मात्र दाखवलं नाही. (एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर: त्याने काय केलं ते मी सांगतो, पण आधी ते "थोडं आत थोडं बाहेर" कायमचं बंद करा, या जातीच्या स्लाइडला त्याच्याइतकं वाईट दुसरं काही नाही.

तुमची स्लाइड इन-वॉल जातीची आहे, लोक तिला श्विंटेक म्हणतात. हिच्यात खाली चासीला जोडलेले मोठे गिअर नसतात. खोलीच्या दोन्ही बाजूंना भिंतीतच एकेक उभा खांब, त्यात एकेक छोटी मोटर, आणि खोलीच्या कडेला अ‍ॅल्युमिनियमच्या दातेरी पट्ट्या. दोन मोटरींना जोडणारा दांडा वगैरे काही नाही. दोघी बरोबरीने चालतायत की नाही हे तो कंट्रोलरचा डबा बघतो, प्रत्येक मोटरमधल्या सेन्सरकडून येणारे ठोके मोजून. एक पुढे गेली की तिला थोपवतो, मागे राहिलेलीला येऊ देतो. आता तुम्ही बटण अर्धवट दाबून सोडून दाबून सोडून केलंत की त्याचा हिशेब चुकत जातो, प्रत्येक वेळी थोडा थोडा, आणि शेवटी दिंडीत एक वारकरी पुढे आणि एक मागे राहावा तसं होतं. म्हणून या स्लाइडचा नियम एकच, बटण दाबलं की पूर्ण बाहेर किंवा पूर्ण आत जाईपर्यंत सोडायचं नाही, आणि पोचल्यावरसुद्धा तीन-चार सेकंद धरून ठेवायचं, मोटरी आपणहून थांबेपर्यंत. तेव्हाच डब्याला कळतं की शून्य कुठे आहे. बरेच जण खोली भिंतीला टेकली की लगेच बोट उचलतात, आणि इथेच पुढच्या भानगडीचं बी पेरलं जातं.

थोडी तिरकी झाली असेल, एखाद-दोन इंच, तर ती बाहेरच्या दिशेने पूर्ण न्या आणि बटण धरून ठेवा, मागे राहिलेली बाजू हळूहळू येऊन मिळते. मग इंच-दोन इंच आत घ्या (वरच्या नियमाला एवढाच अपवाद), परत पूर्ण बाहेर नेऊन धरा. असं दोन्ही बाजू सारख्या दिसेपर्यंत करा आणि मग एका दमात पूर्ण आत. एक माणूस बाहेर उभा ठेवा, दोन्ही कोपरे बघायला. खोलीच्या खाली नव्हे, बाजूला.

आता ते दिवे. हिरवा किती वेळा चमकतो त्यावरून कुठली मोटर ते कळतं, एकदा म्हणजे पहिली, दोनदा म्हणजे दुसरी. लाल किती वेळा चमकतो तो आजार. दोन किंवा तीन वेळा चमकला तर बॅटरीत दम नाही, म्हणजे वरच्या फिनिक्सवाल्यांचं उत्तर वाचा. पाच वेळा म्हणजे मोटर फार करंट ओढतेय, कुठेतरी काहीतरी अडकलंय किंवा घासतंय. आठ वेळा म्हणजे सेन्सरचे ठोके डब्याला ऐकूच येत नाहीयेत, बहुतेक वेळा वायरचं कनेक्टर सैल झालेलं असतं, नाहीतर वायर कुठेतरी चिमटून तुटलेली असते. तुम्ही दिवे मोजले असते तर टेक्निशियनला फोनवरच सांगता आलं असतं, कदाचित त्याला यावंच लागलं नसतं. पुढच्या वेळी मोबाइलवर त्या दिव्यांचा व्हिडिओ घ्या.

आणि ती दहा मिनिटांची जादू. डब्यावर मोड नावाचं बारीक बटण आहे. ते पटापट सहा वेळा दाबायचं, सातव्यांदा दाबून पाचेक सेकंद धरून ठेवायचं, लाल आणि हिरवा दोन्ही दिवे चमकायला लागले की सोडायचं. आता डबा ठोके मोजणं सोडून देतो आणि नुसती वीज मोटरींना देतो. मग नेहमीच्या बटणाने खोली आत घ्यायची, पण या वेळी थोपवणारं कोणी नाही, त्यामुळे दोन बाजूंमध्ये दोन-तीन इंचांचा फरक पडताना दिसला की ताबडतोब थांबा, नाहीतर दातेरी पट्टी सोलली जाईल आणि मग खर्च पार वेगळ्या पातळीवर जातो. ही युक्ती घरी पोचण्यापुरती आहे, रोजच्या वापराची नाही.

तेही नाही जमलं तर हाताने. डब्यातून दोन्ही मोटरींची कनेक्टरं काढायची, ती लावलेली असताना मोटर ब्रेकसारखी धरून ठेवते, काढली की खोली ढकलता येते. तीन-चार जण लागतात, दोन्ही बाजूंनी सारखा जोर, खालच्या कडेला कोपऱ्याजवळ हात लावून, खिडकीला किंवा मधल्या पत्र्याला नाही. "हैया हो" एका सुरात म्हणा, चेष्टा नाही, दोन बाजू एकदम ढकलल्या गेल्या पाहिजेत. आत गेली की कनेक्टरं परत लावायची विसरू नका, म्हणजे ती परत धरून ठेवेल, आणि वर आतून एखादी लाकडी पट्टी तिरकी अडकवून आधार द्या.

प्रश्न: मोटरचा आवाज नेहमीसारखा येतो, जरा जास्तच मोकळा येतो, पण लिव्हिंगची स्लाइड तसूभरही हलत नाही. गाडी जुनी आहे, खालून बघितलं तर चासीतून दोन जाड लोखंडी आर्म बाहेर आलेले दिसतात. (प्लेनो, टेक्सस)

उत्तर: शाब्बास, आवाज लिहिलात! मोटर मोकळी फिरते आणि खोली हलत नाही म्हणजे मोटर आणि गिअर यांची फारकत झालीय. तुमची रॅक अँड पिनियन आहे, एक मोटर, तिच्यापासून आडवा दांडा, त्यावर दोन गिअर, आणि ते दोन आर्मचे दात ओढतात. या दांड्याच्या जोडावर बहुधा एक शिअर पिन किंवा बोल्ट असतो, मुद्दाम कमजोर ठेवलेला, म्हणजे खोली कशाला अडली तर गिअर न तुटता तो तुटावा. गाडीखाली टॉर्च घेऊन बघा, दुसऱ्याला बटण दाबायला सांगा, तुम्ही मात्र हलणाऱ्या भागापासून लांब राहून बघायचं. मोटरच्या बाजूचा भाग फिरतोय आणि जोडाच्या पलीकडचा दांडा स्तब्ध, असं दिसलं की पिनच गेलीय. त्याच ग्रेडची पिन टाका. घरात पडलेला मजबूत बोल्ट ठोकून देऊ नका, पुढच्या वेळी तो तुटणार नाही आणि गिअर तुटेल. आणि पिन का तुटली तेही शोधा, पिन उगाच तुटत नाही.

तात्पुरती आत घ्यायची तर या जातीत हाताने फिरवायची सोय असते, दांड्याच्या टोकाला किंवा मोटरच्या मागे षटकोनी टोक असतं, त्यावर क्रँक किंवा मोठा रॅचेट बसतो. काही मोटरींच्या मागे ब्रेकचा एक छोटा लिव्हर असतो, तो आधी सोडवायचा, नाहीतर तुम्ही घाम गाळत बसाल. आत आल्यावर तोच लिव्हर परत लावा. तो लावायचा राहिला तर हायवेवर वळण घेताना खोली आपणहून बाहेर सरकू शकते.

आता काही छोटे प्रश्न पटापट.

फ्रीमाँटच्या एका ताईंनी विचारलंय की स्लाइड कुरकुरते आणि सासूबाई म्हणतात खोबरेल तेल लाव, लावू का? ताई, सासूबाईंचा अनुभव दाराच्या बिजागरीपर्यंत मान्य, इथे नको. तेल किंवा चिकट ग्रीस लावलं की रस्त्यावरची धूळ त्यात बसते, तिची पेस्ट होते आणि तीच दात खाते. ड्राय ल्युब्रिकंटचा स्प्रे मिळतो, तो मारला की पातळ थर राहतो आणि धूळ चिकटत नाही. खोलीच्या भोवतीच्या रबरी सीलला वेगळं कंडिशनर मिळतं, ते लावा, कोरडं पडलेलं सील खोलीला धरून ठेवतं आणि फाटलं की पाणी आत.

मिनियापोलिसहून एकांनी लिहिलंय की नोव्हेंबरात सीलवर बर्फ धरला आणि खोली चिकटून बसली. बटण दाबत राहू नका, सील फाटेल. आतला हीटर लावून ठेवा, बाहेरून हेअर ड्रायरने कडेकडेने गरम करा, उकळतं पाणी ओतू नका कारण ते खाली ओघळून परत गोठतं. आणि छतावरचा बर्फ, पानं, काटक्या आत घेण्याआधी झाडून काढा, हे तर थंडी असो नसो. एक काटकी सीलखाली गेली तरी खोली कोपऱ्यात पाव इंच उघडी राहते आणि मग पुढच्या पावसात गादी ओली का झाली ते कळत नाही.

शिकागोच्या एका वाचकांची स्लाइड निम्म्यावर येऊन घुरघुरत थांबायची, बॅटरी नवी, दिवे ठीक. त्यांनीच कारण शोधून कळवलंय: सोफ्यामागून घरंगळलेलं लाटणं खोलीच्या फ्लोअरखाली जाऊन आडवं बसलं होतं! मोटर घुरघुरते, दम लागतो, आणि दर वेळी त्याच जागी थांबते, तर पोटात काहीतरी अडकलंय हे समजून घ्या. आत घेण्याआधी खाली वाकून टॉर्च मारायचा, चपला, लेगो, चार्जर, उघडा राहिलेला ड्रॉवर, आणि पुढच्या स्लाइडला आड येणारी ड्रायव्हरची सीट. थोडी चालून थांबते आणि पाच मिनिटांनी परत थोडी चालते असं असेल तर सर्किट ब्रेकर गरम होऊन ट्रिप होतोय आणि गार झाला की आपणहून जोडला जातोय. त्याला सारखा ट्रिप करत खोली ओढू नका, अडतंय कशाला ते बघा.

"सहाच इंच बाहेर राहिलीय, सावकाश चालवत घरी जाऊ का?" असं तिघांनी विचारलंय. नाही. इथे हायवेवर गाडीची रुंदी साधारणपणे १०२ इंचांपर्यंतच चालते आणि मोठ्या मोटरहोम आधीच तिथपर्यंत पोचलेल्या असतात, म्हणजे ते सहा इंच शेजारच्या लेनमधल्या माणसाच्या आरशाचे. शिवाय अर्धवट बाहेर असलेल्या खोलीला ना आतला आधार ना बाहेरचा, एका खड्ड्यात आर्म वाकतात. मोटरहोमच्या विम्यावर रोडसाइड असिस्टन्स घेतलेला असेल तर मोबाइल टेक्निशियनची सोय असते का तेवढं पॉलिसीत बघून ठेवा, घरी बसून, आत्ताच.

प्रश्न: आमची स्लाइड हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारी आहे. आत व्यवस्थित येते पण गाडी चालवताना इंच दीड इंच बाहेर सरकलेली दिसते. पंपाजवळ खाली लालसर तेलाचा डाग आहे. (ॲन आर्बर, मिशिगन)

उत्तर: लालसर तेल म्हणजे बहुतेक एटीएफ, गिअरबॉक्सचंच तेल, बऱ्याच हायड्रॉलिक स्लाइडमध्ये तेच असतं, पण भरण्याआधी टाकीवरचं लेबल वाचा आणि मगच भरा. लेव्हल बघताना सगळ्या स्लाइड आत आणि जॅक (गाडी लेव्हल करायचे पाय) वर असले पाहिजेत. खोल्या बाहेर असताना टाकी "कमी" दिसते म्हणून लोक ओततात, आणि आत घेतल्यावर सगळं तेल परत टाकीत येऊन बाहेर उसळतं. तुमचा डाग कदाचित एवढाच असेल, तेव्हा आधी आठवून बघा अलीकडे कोणी तेल घातलं होतं का.

तसं नसेल तर गळती शोधायची, पण हात फिरवून अजिबात नाही. दाबाखालचं तेल बारीक छिद्रातून सुईसारखं चामडीत शिरतं, वरून टाचणीएवढी खूण दिसते आणि आत बोट सडायची वेळ येते, असं झालं तर दुखत नसलं तरी सरळ इमर्जन्सीत जायचं. पुठ्ठ्याचा तुकडा होजच्या कडेने फिरवा, त्यावर डाग उमटतो. बाहेर गळती नसूनही खोली सरकत असेल तर व्हॉल्व्ह नीट बंद होत नाहीये किंवा सिलिंडरच्या आतलं सील गेलंय, हे दुकानातलं काम आहे. तोपर्यंत आतून तिरका आधार लावल्याशिवाय गाडी हलवू नका. पंपाची मोटर बंद पडली तर मोटरच्या टोकावरचं झाकण काढून ड्रिलने पंप फिरवता येतो, व्हॉल्व्ह हाताने उघडायची सोयही बहुतेकांत असते, तुमच्या पंपाची ती दोन पानं मॅन्युअलमधून फोटो काढून फोनमध्ये ठेवा. रानात नेटवर्क नसतं.

प्रश्न: मी नाशिकचा. टेम्पो ट्रॅव्हलरवर कॅरव्हॅन बांधून भाड्याने द्यायचा विचार आहे. २०२१ मध्ये महाराष्ट्राचं कॅरव्हॅन पर्यटन धोरण आलं तेव्हापासून डोक्यात आहे. अमेरिकेतल्या मित्राकडे स्लाइड-आउट बघितली, तशी आपल्याकडे फॅब्रिकेटरकडून बनवून घेतली तर? (नाशिक)

उत्तर: बनेल, पण मी बनवणार नाही. रिकाम्या साइटवर आजूबाजूला जागाच जागा असते म्हणून इथे ती चालते. तुमची गाडी रात्री उभी राहणार कुठे? हॉटेलच्या पार्किंगमध्ये, देवस्थानाच्या आवारात, कोकणात कोणाच्या तरी अंगणात, तिथे बाजूला तीन फूट मोकळे मिळतीलच असं नाही. दुसरं म्हणजे पाऊस. स्लाइडची सगळी अब्रू त्या रबरी सीलवर असते आणि जूनमध्ये आंबोली-महाबळेश्वरचा आडवा पाऊस दोन महिने त्यावर आपटत राहिला की बेड कोरडा राहील याची हमी तुमचा फॅब्रिकेटर देईल का ते विचारून बघा. वजनही एका बाजूला वाढतं, लहान चासीवर घाटातल्या वळणाला ते जाणवतं. भिंत कापायची म्हणजे बॉडीची ताकद कमी करून ती परत चौकटीने भरून काढायची, आणि मोटर कॅरव्हॅनला टाइप ॲप्रूव्हलचे नियम लागू आहेत, तेव्हा ड्रॉइंग घेऊन आधी आरटीओत आणि जिथे गाडी तपासली जाते तिथे विचारा, पत्रा कापल्यावर नाही.

त्यापेक्षा छत उचलणारं पॉप-टॉप करा, नाहीतर बाजूला चांगली रुंद ऑनिंग (गुंडाळून ठेवायचं कापडी छप्पर) लावा आणि खाली दोन खुर्च्या नि टेबल टाका, गिऱ्हाईक तसंही बाहेरच बसणार आहे. आणि ऑनिंग अडकली तर हाताने गुंडाळता येते.